पहिला प्रोग्राम भरती-ओहोटीचा: कोकणात घरबसल्या कोडिंग शिकायचं तर

दर मे महिन्यात कोणीतरी विचारतंच, "कोडिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" कधी बारावी झालेला पुतण्या, कधी मुंबईहून सुट्टीला आलेली भाची, एकदा तर बंदरावर मच्छीच्या लिलावात आकडे लिहून घेणारा पोरगा. आणि गंमत अशी की प्रत्येकाने आधीच एक कोर्स अर्धवट सोडलेला असतो. बारा व्हिडिओ बघून झालेले, तेराव्याला झोप लागलेली. त्यात माझं काही वेगळं नव्हतं, दोन वर्षं नुसतं "व्हेरिएबल म्हणजे डबा" एवढंच ऐकत होतो आणि त्या डब्यात भरायचं काय ते कोणी सांगत नव्हतं.

तर जे माझ्या कामाला आलं ते इथे लिहितोय, क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो पण मधेमधे भरकटणार, सांभाळून घ्या.

आधी प्रोजेक्ट निवडा, भाषा नंतर

लोक आधी "पायथन की जावा की सी" यावर महिनाभर वाद घालतात. माझं म्हणणं, आधी काय बनवायचं ते ठरवा, आणि ते ठरवताना एकच अट लावा: ज्याचं उत्तर तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला तरी कंप्युटरशिवाय येतं, तेच बनवायचं.

का? कारण नवीन माणसाची खरी अडचण प्रोग्राम चालत नाही ही नसते. चालला नाही तर तो लाल अक्षरात ओरडतो तरी. खरी अडचण म्हणजे प्रोग्राम मजेत चालतो, आकडा दाखवतो, आणि तो आकडा साफ चुकीचा असतो. शेअर मार्केटचा अंदाज सांगणारं काहीतरी बनवलंत तर तो चुकतोय हे तुम्हाला कळणारच नाही. पण भरतीची वेळ चुकली तर आमचा काका पडवीतून ओरडून सांगतो. आंब्याचा हिशोब चुकला तर मामाकडे दलालाची पट्टी आहे. फुकटातले टेस्टर आहेत हे, आणि फार कडक आहेत.

तुमच्या घरात बघा, असं काय आहे. भजन मंडळाची कोणाकडे कधी बारी, एसटीच्या वेळा, वाडीतल्या गणपतीच्या आरत्यांचा क्रम, सुपारीची मोजणी, होमस्टेच्या खोल्या. जे वहीत लिहिलं जातं ते सगळं चालेल.

हत्यारं: थोडीच, आणि नेट नसताना चालतील अशी

आपल्याकडे जून लागला की लाईट आणि नेट या दोन्ही गोष्टी देवावर सोडायच्या. त्यामुळे ब्राउझरमध्ये चालणारं गुगल कोलॅब वगैरे कितीही छान असलं तरी मी नवीन माणसाला ते देत नाही. लॅपटॉप असेल तर थॉनी नावाचा एडिटर, म्हणजे कोड लिहायची आणि चालवायची जागा, टाका. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात खास शिकणाऱ्यांसाठी बनलेला आहे, फुकट आहे, पायथन त्याच्यातच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको, जुन्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर पण चालतो. एकदा डाउनलोड केलात की मग नेट गेलं तर गेलं.

लॅपटॉप नाही? अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ टाका, ते पण ऑफलाइन चालतं. बोटाने टाइप करायला वैताग येतो हे मान्य, पण पहिला महिना निघतो. जुना कीबोर्ड असेल तर ओटीजी वायरने फोनला लावा.

पायथनच का, तर वाचायला सोपी आहे, १९९१ साली बाहेर आलेली जुनी मुरलेली भाषा आहे, आणि अडलात तर मदत करणारे जगभर आहेत. आणि एक गोष्ट मराठी माणसाला कोणी सांगत नाही: पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात. खरंच. "तिथी", "पेट्या", "भाडं" अशी नावं द्या, चालतात. पुढे नोकरीत गेलात तर इंग्रजी नावं द्यावी लागतील, तेव्हा देऊ. पण सुरुवातीला डोकं एकाच गोष्टीशी झगडू दे.

पहिला प्रोजेक्ट: भरती किती वाजता?

किनाऱ्यावरच्या लोकांना हा हिशोब ठाऊक असतो, घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, ती आली भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशोब, पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या.

हा ठोकताळा आहे, बंदरागणिक वेळ पुढेमागे होते, वारा-पावसाने पण फरक पडतो. तेव्हा यावर विसंबून होडी घालू नका किंवा पाहुण्यांना घेऊन खडकावर जाऊ नका, त्यासाठी बंदराचा छापील भरतीचा तक्ता बघायचा. आपल्याला यातून कोडिंग शिकायचंय.

आता पहिली मोठी शिकवण इथेच आहे, आणि ती कोड लिहायच्या आधीची आहे. माझ्या भाचीला सांगितलं भरतीचा प्रोग्राम कर, तर ती म्हणाली आधी तारखेवरून तिथी काढू. अगो, तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर, चंद्र कधी जोरात कधी हळू, म्हणून एक तिथी कधी १९ तासांची तर कधी २६ तासांची, म्हणून तर क्षय तिथी आणि वृद्धी तिथी होतात. ते गणित करायला बसलीस तर दिवाळी येईल. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलीय, माणसाने बघून टाइप करावी. प्रोग्रामने फक्त गुणाकार करावा. पहिल्या प्रोजेक्टमधून जेवढं बाहेर काढता येईल तेवढं काढा, जे उरेल ते एका संध्याकाळी पुरं होईल एवढं असलं पाहिजे.

आता पाऊणपट म्हणजे ०.७५ ने गुणायचं का? करता येईल, पण मग उत्तर ५.२५ असं येतं आणि त्याचे तास-मिनिटं परत करत बसावं लागतं. त्यापेक्षा पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, सगळं मिनिटातच करू:

तिथी = ७
मिनिटं = तिथी * ४५
तास = मिनिटं // ६०
उरलेली = मिनिटं % ६०

इथे वाचायला बरं म्हणून मराठी आकडे लिहिलेत, कोडमध्ये आकडे मात्र इंग्रजीच टाका, पायथनला नावं मराठी चालतात पण कोडात थेट लिहिलेले मराठी आकडे तो एरर देऊन परत पाठवतो.

दोन तिरक्या रेघा म्हणजे भागाकार करून फक्त पूर्ण आकडा ठेव, आणि टक्क्याची खूण म्हणजे बाकी. सात गुणिले पंचेचाळीस म्हणजे ३१५, साठाने भागलं की ५ आणि बाकी १५. सव्वापाच. शेवटी प्रिंट करा तास आणि उरलेली. झाला प्रोग्राम. पाच ओळी. हसू नका, माझी पहिल्या दिवशीची एवढीच कमाई होती.

मग हळूहळू वाढवा, एका वेळी एकच गोष्ट. तिथी कोडात लिहिण्याऐवजी इनपुट (input) वापरून माणसाला विचारा. इनपुट जे देतो ते अक्षरं असतात, आकडा नाही, म्हणून त्याला इंटच्या (int, अक्षरांचा पूर्ण आकडा करणारा) कंसात टाकावं लागतं. (हे विसरल्यावर काय होतं ते पुढे मामाच्या आंब्यात येईल.) आणि इथे एक सुखद धक्का: कोडात मराठी आकडे चालत नाहीत, पण इंटला इनपुटमधून आलेले मराठी आकडे कळतात. कोणी मराठी कीबोर्डवरून ४ टाइप केला तरी तो चारच धरतो.

चुका कशा सापडतात ते जवळून बघा

पाच ओळी चालल्यावर मी म्हटलं सगळ्या तिथींचा तक्ताच छापू. फॉर लूप लावला, म्हणजे तेच काम एकेका आकड्यासाठी परत परत कर, आणि कुठून कुठपर्यंत ते सांगणारी रेंज १ ते १५. छापलं, काकाला दाखवलं. काकाने चष्मा लावला, बोट फिरवत खाली गेला आणि म्हणाला, "पुनव खंय गेली रे?"

चौदाव्या तिथीवरच तक्ता संपला होता. रेंजला १ आणि १५ सांगितलं की तो १५ च्या आधी थांबतो, शेवटचा आकडा धरत नाही. १६ लिहावं लागतं. ही चूक जगातला प्रत्येक प्रोग्रामर करतो, तुम्ही पण करणार, फक्त मी परत कधी केली नाही कारण दर वेळी रेंज लिहिताना कानात "पुनव खंय गेली" ऐकू येतं.

मग काकाने वरची ओळ वाचली. प्रतिपदेला "० वाजून ४५ मिनिटं". "शून्य वाजता कोण होडी काढता रे?" बरोबरच आहे, एक गुणिले ४५ म्हणजे ४५, साठाने भागलं की शून्य. गणित चुकलं नव्हतं, पण माणूस पाऊण वाजला म्हणतो, बारा पंचेचाळीस लिहितो. तर इथे शिकलो इफ: तास शून्य असेल तर तास बारा कर. पुस्तकात इफ शिकवताना "वय १८ पेक्षा जास्त असेल तर मतदान" असं देतात, ते कोणाच्या लक्षात राहतं?

आणि तिसरी गोष्ट मला एकट्याला रात्री दिसली. तक्त्यात प्रत्येक तिथीला वेळ पाऊण तासाने सरकते, पण पंधराला ११:१५ आणि लगेच पुढच्या प्रतिपदेला १२:४५. एकदम दीड तासाची उडी. मी अर्धा तास कोडातली चूक शोधत होतो. थॉनीमध्ये किड्याचं चित्र असलेलं एक बटण आहे ते दाबलं की कोड एकेक पायरी चालवून बघता येतो, आणि व्ह्यू मेनूत व्हेरिएबल्स चालू केलं की बाजूला प्रत्येक डब्यात आत्ता काय आहे ते दिसतं. सगळं बघितलं. कोड बरोबर होता.

चूक ठोकताळ्यात होती. पंधरा तिथीत भरती घड्याळात बरोबर बारा तास फिरून मूळ जागी येते. बारा तासांची ७२० मिनिटं, भागिले १५, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. जुन्या लोकांनी ४५ धरलं, कारण होडीत बसून पाऊणपट तोंडी होते, अठ्ठेचाळीसाचा पाढा कोण म्हणणार. मी ४५ च्या जागी ४८ टाकलं आणि ती उडी गेली, पौर्णिमेला बरोबर बारा. काकाला सांगितलं तर म्हणाला, "तीन मिनटांक काय होता? दर्यो थांबता." पण मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की कोडिंग आपल्याला जमेल, कारण तक्ता डोळ्यासमोर आला म्हणून उडी दिसली, तोंडी हिशोबात ती कधीच दिसली नसती.

आता मुद्दाम घाईत सांगतो, लाल अक्षरांना घाबरू नका. एरर आला की सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, तिथे काय झालं ते लिहिलेलं असतं, मग वर ओळीचा नंबर बघा. नेमएरर म्हणजे बहुतेक स्पेलिंग, आणि देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ पण स्पेलिंगच, "तीथी" आणि "तिथी" दोन वेगळे डबे. इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची जागा पुढेमागे झालीय, चार स्पेसची सवय लावा. सिंटॅक्सएरर आला आणि दाखवलेली ओळ ठीक दिसत असेल तर तिच्या वरची ओळ बघा, कंस तिथे उघडा राहिलेला असतो. आणि कोड मित्राला पाठवायचा तर व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर म्हणून चिकटवू नका, स्टार आणि अंडरस्कोर दिसले की त्याला वाटतं अक्षर जाडं-तिरकं करायचंय. फाइल म्हणून पाठवा.

दुसरा प्रोजेक्ट: मामाच्या पेट्या

हा जरा मोठा, दोन-तीन आठवड्यांचा. यात फाइल येते, म्हणजे प्रोग्राम बंद केला तरी माहिती राहते.

हापूसवाल्यांना सांगायला नको, कलमावरून आंबा उतरवला की आडी लावायची, मग पेटी भरायची, चार डझनी, पाच डझनी, फळ लहान तर सहा डझनी, ट्रकने वाशीला पाठवायची, काही दिवसांनी दलालाकडून पट्टी येते: इतक्या पेट्या, हा भाव, त्यातून भाडं, हमाली, दलाली वजा, हातात एवढे. मामा हे सगळं एका लांबट वहीत लिहितो. मी म्हटलं कंप्युटरवर घेऊ.

पहिल्याच दिवशी सकाळी १२ पेट्या गेल्या, दुपारी ८. प्रोग्रामने एकूण सांगितलं १२८. मामा खूश! मी पण दोन सेकंद खूश. मग वहीत बघितलं तर वीस. झालं असं की इनपुटमधून आलेले १२ आणि ८ ही अक्षरं होती, इंट करायला विसरलो, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. पायथनने काहीच एरर दिला नाही, त्याच्या दृष्टीने सगळं बरोबरच होतं. वही नसती तर? एकूण जिथे बारा हजार आणि आठशेसारखे आकडे आहेत तिथे डोळ्याला पटकन कळत पण नाही.

याची बांधणी अशी करा. आधी वही उघडून बघा मामा कोणते रकाने आखतो. आपण नवीन काही शोधायचं नाही, तेच रकाने. तारीख, पेट्या, डझनी, भाव, भाडं, हमाली, दलाली. हे सीएसव्ही फाइलमध्ये ठेवायचं, म्हणजे साधी मजकुराची फाइल, प्रत्येक ओळीत स्वल्पविरामाने वेगळे केलेले रकाने. एक्सेलमध्ये पण उघडते, म्हणजे मामाच्या मुलीला पण बघता येते. पायथनमध्ये त्यासाठी सीएसव्ही नावाचं तयार मॉड्यूल आहे.

फाइल उघडताना तीन गोष्टी, तिन्ही मी ठेच लागून शिकलोय.

एक, मोड. डब्ल्यू मोडने उघडली की आधीचं सगळं पुसून कोरी फाइल मिळते. ए मोडने उघडली की शेवटी नवी ओळ जोडली जाते. मी एप्रिलच्या शेवटी एका रात्री "जरा कोड नीट करतो" म्हणून हात घातला आणि ए च्या जागी डब्ल्यू लिहून बसलो. चाळीस-एक ओळी गेल्या. मामा काही बोलला नाही, फक्त वही उचलून माझ्यासमोर ठेवली आणि आंबे काढायला गेला, दोन संध्याकाळ बसून परत टाइप केलं. तेव्हापासून प्रोग्राम चालू झाला की पहिलं काम म्हणजे फाइलची तारीख घातलेली कॉपी करणं. नंतर कधीतरी गिट शिका, फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं हत्यार, त्याचा उपयोग यासाठीच आहे, पण पहिल्या महिन्यात कॉपी-पेस्ट बास.

दोन, मराठी अक्षरं. विंडोजवर फाइलमध्ये मराठी लिहायला गेलात की बऱ्याचदा युनिकोडएन्कोडएरर येतो, नाहीतर एक्सेलमध्ये उघडल्यावर सगळी भुताटकी दिसते. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८-सिग (utf-8-sig) असं द्या. नुसत्या यूटीएफ-८ ने पायथनचं काम होतं, पण एक्सेलला सुरुवातीला एक खूण लागते, ती "सिग"ने पडते. इंग्रजी शिकवणाऱ्या व्हिडिओत हे येत नाही कारण त्यांना कधी गरजच पडत नाही.

तीन, पैसे दशांशात ठेवू नका. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा, ०.३ नाही येत, लांब शेपटी असलेला ०.३०००००००००००००००४ येतो. कंप्युटर आतमध्ये दोनाच्या भाषेत मोजतो आणि ०.१ त्याला नेमका लिहिता येत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात नेमका लिहिता येत नाही. म्हणून सगळं पैशात ठेवा, पूर्ण आकडे, दाखवताना शंभराने भागा. भरतीत आपण मिनिटं धरली तीच युक्ती.

मग तपासणी. मागच्या वर्षीच्या दहा पट्ट्या घ्या आणि प्रोग्राममधून काढा. हातात आलेली रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे, "जवळपास" चालणार नाही. माझ्या आठ जुळल्या, दोन नाही. एकात माझी चूक होती. दुसऱ्यात पट्टीवरचीच बेरीज चुकलेली निघाली, मामाच्या फायद्याची होती म्हणून तो विषय आम्ही तिथेच सोडला.

तिसरा: खोल्यांचं बुकिंग

हे फक्त ओळख म्हणून, कारण यात एकच नवीन गोष्ट आहे पण भारी आहे. वहिनीच्या चार खोल्या आहेत समुद्राच्या बाजूला, डिसेंबरात एका खोलीला दोन कुटुंबं आली असं एकदा झालं, ओसरीवर गाद्या टाकाव्या लागल्या. तर प्रोग्रामने सांगायचं की नवीन बुकिंग जुन्याशी धडकतंय का.

बहुतेक जण चार-पाच इफ लिहितात: नवीन आधी सुरू होतं आणि मधे संपतं, मधे सुरू होतं आणि नंतर संपतं, आतच बसतं, बाहेरून झाकतं... कागदावर रेघा मारून बघा, सगळं एका वाक्यात येतं. नवीनचं येणं जुन्याच्या जाण्याच्या आधी असेल आणि जुन्याचं येणं नवीनच्या जाण्याच्या आधी असेल, तर धडक. दोन्ही खरं असलं तरच. २४ ते २६ आणि २६ ते २८ घेऊन बघा: नवीनचं येणं २६, जुन्याचं जाणं २६, आधी नाही, म्हणून धडक नाही, सकाळी एक जातो दुपारी दुसरा येतो. वहिनीने तिच्या डायरीतून सगळ्यात त्रासदायक पाच प्रसंग काढून दिले, त्यातच टेस्टिंग झालं. तारखांसाठी पायथनचं डेटटाइम मॉड्यूल वापरा, स्वतः महिन्याचे दिवस मोजत बसू नका, फेब्रुवारीत फसाल.

एआयचं काय

विचारणार तुम्ही, म्हणून. चॅटजीपीटीला सांगितलं तर वरचे तिन्ही प्रोग्राम तो दोन मिनिटात लिहून देईल, खरं आहे. पण मग तुम्हाला काय आलं? मी पोरांना एवढंच सांगतो, पहिले दोन महिने त्याच्याकडून कोड घ्यायचा नाही, एरर समजून घ्यायचा. लाल ओळ चिकटवा आणि म्हणा "हे मराठीत समजाव, कोड देऊ नकोस." शिकवणीच्या बाबतीत तो बरा आहे, रात्री अकरालाही कंटाळत नाही. आणि तो जे सांगेल ते काकाकडून आणि वहीतून तपासायचं, तो पण ठामपणे चुकतो.

वेळ किती द्यायचा, तर रोज पाऊण तास (परत पाऊण!), एका रविवारी सहा तास बसण्यापेक्षा बरा. आपल्याकडे सगळ्यात चांगला मुहूर्त पावसाळा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, आंबा संपलेला, पाहुणे नाहीत, कुठे जायची सोय नाही. लावणीचे दिवस तेवढे सोडा, तेव्हा कोणी कंप्युटरसमोर बसू देत नाही.

दुसऱ्याच्या हातात द्या

ही पायरी लोक टाळतात आणि तिथेच खरं शिक्षण आहे. तुमचा प्रोग्राम तुम्ही चालवता तेव्हा तुम्ही नकळत बरोबरच टाइप करता. दुसरा तसं करत नाही.

काकाच्या फोनवर पायड्रॉइड टाकून भरतीचा प्रोग्राम दिला. "तिथी सांगा" असं आलं. काकाने टाइप केलं: चवथ. धाडकन व्हॅल्यूएरर, कारण इंटला "चवथ" म्हणजे काय ते कळत नाही. काकाने फोन माझ्याकडे दिला, "ह्याका चवथ कळणा नाय."

चूक माझीच. विचारलं तिथी, माणूस तिथीच सांगणार. मग ट्राय-एक्सेप्ट शिकलो: इंट करून बघ, नाही जमलं तर पडू नकोस, परत विचार. पण परत विचारणं म्हणजे काकाला "तुमचं चुकलं" म्हणण्यासारखं, ते बरं दिसेना. म्हणून डिक्शनरी केली, पायथनची डिक्शनरी म्हणजे एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा आकडा. चतुर्थी चार, चवथ चार, पौर्णिमा पंधरा, पुनव पंधरा, अवस पंधरा. आलेला शब्द आधी तिच्यात शोधायचा, सापडला तर आकडा घ्यायचा, नाहीतर इंट.

आठवडाभर बरं चाललं. परवा परत फोन घेऊन आला, याने काय ओळखलं नाही म्हणे. बघितलं तर टाइप केलं होतं संकष्टी. म्हणजे वद्य चतुर्थीच की. टाकली डिक्शनरीत, चार.